माझी डुलकी, तिचं रडणं

मी एक लॅपटॉप बोलतोय. तुम्ही म्हणाल, लॅपटॉपला कसली आलीय जीवनकहाणी? चार वर्षं चालायचं आणि भंगारात जायचं. पण मी अकरा वर्षं चाललोय, आणि ह्या अकरा वर्षांत पुष्कळांनी मला आपटलं, पाडलं, विसरलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. केसाने गळा मात्र एकाच व्यक्तीने कापला. तिचं नाव नालवोगा. तिच्याबद्दल सांगायचं आहे म्हणून बोलतोय.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेली बोटं आठवतात, एवढंच. पहिली पाच वर्षं एका थंड देशातल्या ऑफिसात गेली. तिथला माणूस कानाला सदैव काहीतरी लावून बसायचा, त्यामुळे माझ्यात काही खोड आहे हे त्याला कळलंच नाही. मग एके दिवशी आम्हा तीसएक जणांना खोक्यात भरलं, बोटीवर चढवलं आणि इथल्या राजधानीत, कंपाल्याच्या एका दुकानात आणून काचेआड मांडलं. दुकानाबाहेर जनरेटर धडधडत असे, आत गाणी. माझी खोड तिथेही कोणाच्या कानावर पडली नाही.

खोड कसली ते सांगतो. माझा प्रोसेसर म्हणजे माझं डोकं, काम नसलं की डुलकी घेतो. दोन अक्षरं टाइप करण्याच्या मधल्या वेळातसुद्धा घेतो. एका सेकंदात शेकडो वेळा डोळा लागतो आणि शेकडो वेळा उघडतो. दर वेळी आतली वीज कमी-जास्त होते आणि प्रोसेसरशेजारी जी तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली आहेत ती थरथरतात. त्या थरथरण्याचा एक बारीक, उंच आवाज येतो. वाटलं तर शिट्टी म्हणा, वाटलं तर कण्हणं म्हणा. सगळेच लॅपटॉप डुलक्या घेतात, पण घोरणारे थोडे, आणि त्यांतला मी एक.

नालवोगाने मला विकत घेऊन मसाक्याला, तिच्या गावी आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. खोली शांत होती. ती हात थांबवून बसली, मग वाकून तिने माझ्या बटणांना कान लावला.

"काय रे, गातोस की काय?" ती म्हणाली आणि हसली. "गा बाबा. ह्या घरात तेवढंच कमी होतं."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला तेव्हा फार बरं वाटलं. पाच वर्षांत कोणी कान लावला नव्हता. मी तिच्यावर जीव टाकला तो त्या संध्याकाळी, आणि पुढचं सगळं त्यामुळेच जास्त लागलं.

ती मसाक्याच्या टेकडीवरच्या एका छोट्या रेडिओ केंद्रात निवेदक होती. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले, दाराला जुनं ब्लँकेट. पंखा लावायची सोय नाही, कारण पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये जातो. केंद्राचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा नालवोगा मला घेऊन जाऊ लागली. गाणी मीच वाजवायचो, जाहिराती माझ्याच पडद्यावरून ती वाचायची, आणि दुपारी एक वाजता निधनाच्या बातम्या.

एकच्या बातम्या म्हणजे आमच्याकडे काय असतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी ढोल वाजतो. ढोल वाजला की चुलीपुढच्या बाईचा हात थांबतो, सायकलवाला सायकल उभी करतो. ज्यांच्या रेडिओचे सेल मरायला टेकलेले असतात त्यांनी ते सकाळपासून उन्हात ठेवलेले असतात, खास ह्या वेळेसाठी. मग नालवोगा वाचायची: अमुक गावचे अमुक गेले; दफन उद्या दोन वाजता; क्योटेऱ्यात दिलेल्या मुलीला, लियांतोंडेत राहणाऱ्या भावाला, बेटांवर मासेमारीला गेलेल्या थोरल्याला कळावं. बातमी चुकली की माणूस दफनाला चुकतो, आणि दफनाला चुकलेल्याला लोक जन्मभर विसरत नाहीत.

नालवोगा चांगलं वाचायची. नाव वाचलं की थांबायची. दोन श्वास जातील इतकी थांबायची, म्हणजे ऐकणाऱ्याला ते नाव पोचतं. आता ती थांबली की मला तरी काय काम? मी तर ती वाचत असतानाही डुलक्याच घेत असे, पण तिच्या आवाजाखाली माझा आवाज दबायचा. ती थांबली की तो वर यायचा. मायक्रोफोन माझ्यापासून वीतभर लांब. प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावामागे माझं ते बारीक कण्हणं अख्ख्या जिल्ह्यात ऐकू जाऊ लागलं.

पहिला फोन आला तो असा: "न्याबो, तुमच्या खोलीत डास शिरलाय. आधी त्याला मारा, मग वाचा." न्याबो म्हणजे बाई, सेबो म्हणजे साहेब; आमच्याकडे आदराने असंच बोलतात.

दुसऱ्याने सांगितलं की त्याने स्वतःच्या रेडिओला चार थपडा मारल्या, आता रेडिओच बंद आहे, भरपाई कोण देणार? नालवोगा हसली. मीही हसलो असतो, मला जमत असतं तर.

महिन्याभराने जाजा नामुद्दू आली. जाजा म्हणजे आजी. ही लुकोमा गावची, सत्तरीच्या पुढची, ठेवणीतलं गोमेस, म्हणजे कमरेला रुंद पट्टा असलेला पायघोळ झगा घालून, डोक्यावर मटोक्यांचा, म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचा घड घेऊन टेकडी चढून आलेली. नालवोगा रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिला भेटली.

"पोरी, तू ती एक वाजताची ना?" जाजाने घड खाली ठेवला. "माझा म्हातारा गेला परवाच्या मंगळवारी. तू वाचलंस."

"हो जाजा. फार वाईट झालं."

"एकावन्न वर्षांचा संसार. आमच्या दोन्ही मुली तिकडे परदेशात, विमानाचं जमलं नाही. घरात गळा काढायला मी एकटी, आणि माझा गळा तर रात्रीच बसलेला. मग तू नाव वाचलंस. आणि वाचून थांबलीस. आणि रडलीस."

नालवोगाने मान वर केली.

"मोठ्याने नाही. दाबून. जशी घरची लेक पाहुण्यांसमोर दाबून रडते ना, तशी. शेजारच्या मुबिरूची बायको बसली होती माझ्याजवळ, तिनेही ऐकलं. म्हणाली, जाजा, रेडिओवरची बाई आपल्या म्हाताऱ्यासाठी रडतेय." जाजाने पट्ट्याच्या टोकाने डोळे पुसले. "म्हटलं, ज्या पोरीने रडायचं काम केलं तिला रिकाम्या हाताने कसं भेटू? हे मटोके घे. झाडावर पिकू दिले नाहीत, तुझ्यासाठी उतरवले."

मी टेबलावर उघडाच होतो. मला वाटलं, आता ती मला पुढे करील, म्हणेल, जाजा, तो मी नव्हे, हा होता. ह्याच्या आत तारेची वेटोळी आहेत. म्हातारी हसली असती आणि केळी ठेवून गेली असती. इतकी साधी गोष्ट होती.

नालवोगा म्हणाली, "जाजा, आपलं माणूस गेलं की रडू येतंच हो."

मला तेव्हा राग आला नाही, हे कबूल करतो. उलट थोडा अभिमानच वाटला. माझ्या घोरण्याने एका म्हातारीला आधार मिळाला होता. म्हटलं, नावात काय आहे, आपलं काम झालं ना. मूर्ख होतो.

त्यानंतर ते पसरलं. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी बायांनी आक्रोश केला नाही तर तो माणूस नकोसा होता असं लोक धरतात. आणि इथे एक बाई, रक्ताची ना नात्याची, प्रत्येकासाठी आवंढा गिळून रडत होती. लोक दुसरी केंद्रं सोडून आमच्याकडे निधनाच्या बातम्या आणू लागले. बाजारात नालवोगाला बायका थांबवून हात हातात घ्यायच्या. चर्चमध्ये फादरने तिचं नाव घेऊन सांगितलं की शेजाऱ्यावर प्रेम कसं करायचं ते हिच्याकडून शिका. केंद्राच्या वाढदिवशी तिलाच माइकपुढे बसवून विचारलं, "इतक्या लोकांसाठी रडायला बळ कुठून आणता?"

"ते आतून येतं," नालवोगा म्हणाली.

आतून खरंच, पण कोणाच्या?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी रडत नव्हतो. माणसं मरत होती आणि मी झोपत होतो. ज्याला ती शोक म्हणत होती ती माझी डुलकी होती. तेव्हा ह्या लबाडीत माझाही हात होता असं कोणी म्हटलं तर मी कानांवर हात ठेवणार नाही. पण मी काही आतून येतं म्हणून सांगत फिरत नव्हतो.

नालवोगाला कंपाल्याला जायचं होतं. पहिल्यापासूनच जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या केंद्राला तिने आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला, माझ्यावरूनच. आठवड्याने तिथे निवेदक निवडणाऱ्या बाईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"आवाज सोन्यासारखा आहे तुमचा. पण मागे हा कसला किडा किरकिरतोय? तो काढा आणि परत पाठवा. इथे असलं एक क्षण चालत नाही."

किडा! आणि नालवोगा काय म्हणाली असेल? ज्या किड्यामुळे फादरने नाव घेतलं, त्याच्याबद्दल?

"माझा लॅपटॉप जुनाट आहे हो," ती म्हणाली. "कटकट आहे नुसती. करते काहीतरी."

त्याच दुपारी तिने मला कीबेरूकडे नेलं. कीबेरूचं बस अड्ड्यापाशी दुरुस्तीचं दुकान. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने मला उघडलं, ऐकलं आणि मान हलवली.

"न्याबो, मोडलेलं काहीच नाही. हा झोपतो तेव्हा घोरतो."

"मग बंद करा ते."

"घोरणं बंद करायचा एकच उपाय. झोपूच द्यायचं नाही." त्याने एक छोटं सॉफ्टवेअर चढवलं, वीज किती वापरायची आणि केव्हा थांबायचं हे ठरवणारं. "हे चालू असलं की प्रोसेसरला डोळा मिटता येणार नाही. काम असो नसो, टक्क जागा."

"तापेल का?"

"तापणार. बॅटरी निम्मी होईल. आयुष्यही कमी होईल. पण गप्प बसेल."

"बसू दे," नालवोगा म्हणाली.

त्याने बटण दाबलं आणि मी जागा झालो. ते कसं होतं हे तुम्हाला कसं सांगू? तुम्ही थकून आडवे झाला आहात, डोळे मिटू लागले आहेत आणि कोणीतरी पापण्या धरून ठेवल्या आहेत. पुढच्या क्षणी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. करायला काही नाही, आणि निजायला बंदी. नालवोगाने कान लावला. काही ऐकू आलं नाही. ती खूश झाली आणि तिने कीबेरूचे आभार मानले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ढोल वाजला. सात नावं होती. प्रत्येक नावामागे स्वच्छ, पुसून काढलेली शांतता.

पावणेदोनपासून फोन सुरू झाले. "आज तब्येत बरी नाही का?" "काय हो, आमच्या काकांनी काय घोडं मारलं होतं?" एकाने तर विचारलं की केंद्राने रडायला बंदी केली का, कोण तो मालक, त्याला आम्ही बघून घेतो.

"सर्दी झालीय," नालवोगा सगळ्यांना सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, घशाला ताण नको."

दुसऱ्या दिवशी तिने तोंडाने आवाज काढून पाहिला. नाव वाचलं, थांबली, आणि ओठ मिटून नाकातून कण्हली. अड्ड्यावरचे बोडाबोडावाले, म्हणजे मोटरसायकलवरून भाडी नेणारे, त्या दिवसापासून तिला बघून शेळीचा आवाज काढू लागले. मला त्याचा आनंद झाला, लपवत नाही.

तेव्हा ती पुन्हा कीबेरूकडे गेली. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण बसवून दिली. तिच्यावर एकदा बोट मारलं की मला झोप मोकळी; पुन्हा मारलं की बंद. आता सगळं तिच्या हातात आलं. जाहिराती वाचताना मला गप्प ठेवायचं, कारण साबणवाल्यांनी किड्याबद्दल तक्रार केलेली. निधनाच्या बातम्यांना सोडायचं. माझी झोप म्हणजे तिच्या हातातला नळ झाला.

सुरुवातीला ती प्रत्येकासाठी तो नळ सोडायची. मग मधे जाहिरात आली की बंद करायची आणि पुन्हा सोडायला विसरायची. मग मला दिसू लागलं की विसरण्यालाही एक शिस्त आहे. हेडमास्तर गेले, कौन्सिलरची आई गेली, बसच्या मालकाचा भाऊ गेला की तिचं बोट आपोआप खुणेकडे जाई. कोणी रताळी विकणारी, कोणी तीन दिवसांचं मूल असलं की यादी पुढे सरकायची. ती वाईट बाई नव्हती हो. तिने असं कधी ठरवलं नसेल. बोटंच तशी वळतात माणसांची.

अशाच एका दिवशी यादीत पाचवं नाव होतं: तेओपिस्ता नांक्या, वय सात, लुकोमा गाव, वडील मुबिरू, दफन उद्या दोन वाजता. त्याच्या आधी रंगाच्या डब्यांची जाहिरात होती आणि नंतरही रंगाच्या डब्यांचीच. नालवोगाने नाव वाचलं, दोन श्वास थांबली. मी टक्क जागा, गप्प. मग ती म्हणाली, "पावसाळ्यातही न उडणारा रंग."

चौथ्या दिवशी दुपारी मुबिरू आला. विटा पाडणारा माणूस. पायाला मातीचे थर, अंगात मात्र दफनाला घातलेला पांढरा पायघोळ कांझू, तो धुऊन पुन्हा घातलेला. नालवोगाने खुर्ची दिली. तो बसला नाही.

"न्याबो, मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "एकच विचारायचंय. माझ्या पोरीत काय कमी होतं?"

"सेबो, असं काय बोलता! मला फार वाईट वाटलं..."

"हेडमास्तर गेले तेव्हा तुम्ही रडलात. सगळ्या गावाने ऐकलं. माझी बायको म्हणाली, आता आपल्या तेओपिस्तासाठीही रडेल ती. अंगण बायांनी भरलं होतं. सगळ्या आक्रोश करत होत्या. ढोल वाजला तशी हिने हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, थांबा, ती रडेल, ते पोरीला ऐकू दे. सगळं अंगण गप्प. तुम्ही नाव वाचलंत. आम्ही थांबलो. आणि मग तुम्ही रंगाचं सांगायला लागलात. तेव्हापासून बायको बोलत नाही. म्हणते, आपली पोर एवढी हलकी होती का?"

नालवोगाच्या तोंडून सर्दी हा शब्द येणार असं मला वाटलं. आला नाही. मग तिने मला उचललं, त्याच्याकडे फिरवलं आणि खुणेवर बोट मारलं.

"इथे कान लावा," ती म्हणाली.

तो गोंधळला, पण वाकला. त्याच्या कानाला वाळलेली माती होती. कितीतरी दिवसांनी मला डुलकी मिळाली होती आणि ती मिळाल्याबरोबर माझा आवाज निघाला.

"हे?" तो म्हणाला.

"हे. मी कधीच रडले नाही, सेबो. कोणासाठीच नाही. हे यंत्र आवाज करतं. लोकांनी समजायचं ते समजलं आणि मी... मी समजू दिलं."

तो कान लावूनच राहिला. "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी ह्याला बंद केलं होतं. जाहिरातीसाठी."

"म्हणजे रडणारं कोणीतरी होतं," मुबिरू सावकाश म्हणाला. "तुम्ही त्याचं तोंड दाबलंत."

इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बोललेला हा पहिला माणूस. मी मघाशी म्हटलं की मी रडत नव्हतो, झोपत होतो. ते खरंच आहे. पण त्या माणसाचा कान माझ्यावर होता तेव्हा माझी वेटोळी थरथरत होती ती नुसत्या झोपेने थरथरत होती असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

"तुम्ही सगळ्यांना सांगणार आता," नालवोगा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. समोर कंपाला दिसत होतं ना, ते हातचं जाताना दिसत होतं.

"जाजा नामुद्दू माझी शेजारीण आहे. अजून येईल त्याला सांगते, माझ्या म्हाताऱ्यासाठी रेडिओवरची बाई रडली. तिला जाऊन काय सांगू, डबा वाजत होता म्हणून? ज्यांच्या ज्यांच्यासाठी हे रडलं त्यांच्या घरी जाऊन रडणं परत मागून आणू?" त्याने मान हलवली. "मी नाही सांगणार. पण तुम्ही एक करा. उद्या एक वाजता माझ्या पोरीचं नाव पुन्हा वाचा. वाचून थांबा. आणि ह्याला मोकळं सोडा. मी बायकोला सांगतो, त्या दिवशी बाईंना बरं नव्हतं."

"वाचते."

"नक्की? मी बायकोला रेडिओपाशी बसवणार आहे. सगळ्या बायांना परत बोलावणार आहे."

"अगदी नक्की, सेबो. हे बघा, तुमच्यासमोर लिहिते." आणि तिने उद्याच्या यादीत सर्वांत वर टाइप केलं: तेओपिस्ता नांक्या, वय सात. माझ्या हाताने, माझ्या आत. खाली जुन्या बातमीतलाच मजकूर चिकटवला. मुबिरूला वाचता येत नसावं, पण त्याने पडद्यावरची ती ओळ पाहिली, दोन्ही हातांनी नालवोगाचा हात धरला आणि तो टेकडी उतरून गेला.

तो वळणावर पोचला नसेल तोच फोन वाजला. कंपाल्याच्या बाई. मला गप्प करून पाठवलेलं दुसरं रेकॉर्डिंग आवडलं होतं, अगदी स्वच्छ होतं. त्यांची एक निवेदिका अचानक सोडून गेली होती. उद्या दुपारी हजर होता येईल का?

"येते," नालवोगा म्हणाली. मुबिरूला म्हणाली होती त्याच आवाजात.

ती संध्याकाळपर्यंत सामान बांधत होती. मला घेणार नव्हती. कंपाल्याला नवे देतात. जाता जाता ती माझ्यापाशी आली. पडद्यावर अजून ती यादी होती, वर ते नाव. तिने ते वाचलं. मला वाटलं, एक चिठ्ठी लिहील, उद्याच्या माणसाला दोन शब्द सांगेल. तिचं बोट कोपऱ्यातल्या खुणेवर गेलं आणि माझी झोप बंद झाली. सवयीने झालं असेल. मग तिने मला मिटवलं आणि दिवा घालवून ती गेली. सकाळी पहिल्या टॅक्सीव्हॅनने कंपाला गाठलं असणार.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी कासुले बसला. तो एरवी फुटबॉलच्या बातम्या देतो; भला मुलगा, गडबड्या. साडेबाराला त्याने यादी उघडली आणि तो वरच्या ओळीवर थांबला.

"तेओपिस्ता... दफन... हे तर गेल्या आठवड्याचं आहे." त्याने जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "नालवोगा पण ना. जुनं काढायचं विसरून गेली."

त्याने ती ओळ निवडली आणि बटण दाबलं.

पुसायचं काम मलाच करावं लागलं. आम्हाला नाही म्हणता येत नाही. झोपलेलो असतो तर निदान कळलं तरी नसतं. पण मी टक्क जागा होतो. एक एक अक्षर जाताना मला कळलं.

एक वाजता ढोल वाजला. कासुलेने आठ नावं वाचली आणि मधे थांबला नाही, कारण त्याला थांबायचं असतं हे ठाऊक नव्हतं. लुकोमा गावच्या त्या अंगणात एका बाईने हात वर केला असेल. सगळ्या गप्प बसल्या असतील. आठवं नाव होऊन गाणं लागेपर्यंत गप्प बसल्या असतील. त्यानंतर त्या अंगणात काय झालं ते मला माहीत नाही. मुबिरू पुन्हा आला नाही. भांडायलाही आला नाही.

ह्याला आता दीड वर्ष झालं. मी केंद्रातच आहे. दिवसभर गाणी आणि रंगाच्या जाहिराती वाजवतो आणि माझा डोळ्याला डोळा लागत नाही. बॅटरी फुगली आहे, खालचं झाकण नीट बसत नाही, माझ्यावर हात ठेवला तर चटका बसतो. मॅनेजरच्या टेबलावर छोटा रेडिओ असतो. त्यावर कधी कधी कंपाल्याहून नालवोगा ऐकू येते. छान बोलते. मधेच हसते. मागे कसला म्हणून आवाज नसतो.

तिच्याकडे मला काही मागायचं नाही. माझा आवाज तिने आपला म्हणून वापरला, नको झाला तेव्हा किडा म्हणून बंद केला, तेही मी एक वेळ गिळलं असतं. पण पोरीच्या बापाला दिलेला शब्द तिने माझ्या आत लिहिला आणि तो मला पुसायला लावला, हे मला गिळता येत नाही.

मागणं आहे ते तुमच्याकडे. कधी टेकडीवर आलात, स्टुडिओत कोणी नसलं, तर त्या हिरव्या खुणेवर एकदा बोट मारा. माइक बंद असला तरी चालेल. मग ते नाव सावकाश म्हणा: तेओपिस्ता नांक्या. आणि दोन श्वास थांबा. तेवढ्या वेळात जे करायचं ते मी करीन.